ऐरणीसारखा ढग

"पैज लाव! दुपारी गारा पडणार!" येलिसावा म्हणाली.

"गारा? एवढ्या उन्हात?" स्त्राहिन्या खो खो हसला. तिचा हा मावसभाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीला बेलग्रेडहून आला होता. "बेलग्रेडमध्ये असे ढग रोज दिसतात. कापसाचे बोळे नुसते!"

"बोळे नाहीत ते. नीट बघ, वरून बुरूज निघालेत. आठ वाजताच असे बुरूज दिसले, की दुपारी आभाळ फुटतं."

तेरा वर्षांची येलिसावा धावतच मळ्यात गेली. रास्पबेरीची तोडणी ऐन भरात होती. नऊ बाया वाकून फळं खुडत होत्या.

"बाबा, आज मळ्यावर गारांच्या जाळ्या टाकू या ना!"

"जाळ्या टाकल्या की तोडणी थांबते," बाबा वर न बघताच म्हणाले. "टेकडीवर व्लादेता बसलाय की! ढग आला तर त्यात अग्निबाण सोडून गारा थोपवील. रेडिओ ऐकू येतोय ना त्याचा? चल, ती खोकी उचल!"

खरंच, टेकडीवरच्या गारपीट-ठाण्यातून गाणी ऐकू येत होती. येलिसावानं खोकी उचलली.

दुपारी एकच्या सुमाराला पश्चिमेच्या डोंगरामागून ढग वर आला. आधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. मग त्याचा माथा सपाट पसरला, लोहाराच्या ऐरणीसारखा. पोटाखाली हिरवट काळोख!

"अगं, हा ढग मी पुस्तकात पाहिलाय!" आता स्त्राहिन्या हसत नव्हता. "पण तुझे व्लादेताकाका अजून गप्प का?"

दोघं टेकडी चढू लागली. दहा वर्षांचा ओग्न्येन, येलिसावाचा भाऊ, धापा टाकत मागोमाग आला. ठाण्याच्या दाराशी तिघंही थबकली. आत गाणी जोरात चालू होती आणि बाहेरून भलंमोठं कुलूप!

"आत कोंडलंय की काय त्यांना?" ओग्न्येन कुजबुजला.

स्त्राहिन्यानं खिडकीला नाक लावलं. "कोणीच नाही! गाणी ऐकून लोकांना वाटावं, माणूस आत आहे! आणि ते बघ, बाण कपाटात जसेच्या तसे!"

तेवढ्यात आतल्या वायरलेसवरून आवाज आला. "ठाणं, उत्तर द्या! ढग तुमच्या डोक्यावर येतोय. ठाणं, उत्तर द्या!"

येलिसावा उताराकडे वळली. "मी गावात जाते. काका खानावळीत असणार. तुम्ही मळ्यातल्या सगळ्यांना शेडमध्ये न्या. काहीही करा!"

खानावळीत व्लादेताकाका पत्ते खेळत होते.

"काका, ढग आलाय! वायरलेसवर तुम्हाला बोलावतायत!"

"हा डाव संपू दे, पोरी. ढग काय, येतात आणि जातात."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. येलिसावाला एक युक्ती सुचली.

"बरं. मग त्या साहेबांना काय सांगू?"

"कोणते साहेब?"

"शहरातून तपासणीला आलेत ना! कुलपाचा फोटो काढतायत."

व्लादेताकाकांच्या हातून पत्ते गळाले. टोपी विसरून ते टेकडीकडे पळत सुटले!

तिकडे मळ्यात बाया हलायला तयार नव्हत्या. "एवढी ओळ संपली की येतो," म्हणत होत्या. शेवटी ओग्न्येननं बोंब ठोकली, "आग! शेडला आग लागली!"

सगळी माणसं शेडकडे धावली. म्हाताऱ्या स्तानोयकाआजीला स्त्राहिन्यानं हाताला धरून ओढतच आणलं.

"कुठाय आग?" बाबांनी हात उगारला.

पत्र्यावर पहिली गार आपटली. मग अक्रोडाएवढ्या गारांचा मारा सुरू झाला. बाबांचा हात वरच राहिला. टेकडीवरून एक बाण सुटला, मग दुसरा. फार उशिरा.

बारा मिनिटांत सगळं संपलं. रास्पबेरीच्या फांद्यांवर पान उरलं नव्हतं. ओळींमधल्या बर्फात लाल चिखल झाला होता.

व्लादेताकाका खाली आले. डोळे वर उचलवेनात. "रोज बसून कंटाळा यायचा," ते पुटपुटले. "म्हटलं, गाणी लावून ठेवावीत..." लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

स्तानोयकाआजीनं तिन्ही मुलांच्या कपाळाचे मुके घेतले. "बाहेर असते तर डोकं फुटून मेले असते गं मी! शाबास, बाळांनो!" बायांनीही शाबासकी दिली. मळ्यात धावत आलेले गावचे सरपंच म्हणाले, "मुलं असावीत तर अशी!"

बाबा बर्फात उकिडवे बसले होते. येलिसावा जवळ गेली, तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझं ऐकायला हवं होतं, पोरी. तुझंच बरोबर होतं."

हे शब्द सकाळी ऐकले असते, तर ती नाचली असती. आता तिनं बाबांचा हात डोक्यावरून खाली घेतला, घट्ट धरून ठेवला आणि हुंदके देत रडू लागली.