जवळ कोणीतरी आहे

सम्यक दुपारी झोपला की मी लॅपटॉप उघडते. गारखेड्यातल्या आमच्या घराची मागची खोली त्याची. तिथं कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास आणि झोळीतून बाहेर आलेली त्याची एक गुलाबी टाच. ती टाच आत सारायचा मोह आवरायचा, दार लोटायचं, आणि तो उठेपर्यंत लोकांची भांडणं मिटवायची.

'झोळी' हे ॲप आम्ही काही जणांनी मिळून केलंय, पगाराशिवाय. त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. जुना फोन बाळाजवळ ठेवायचा. बाळ रडलं की आईच्या फोनवर घंटी वाजते. पण बाळाजवळ ओळखीचं मोठं माणूस बोलत असेल तर घंटी वाजत नाही, 'जवळ कोणीतरी आहे' एवढंच दिसतं. आईनं उगाच धावत येऊ नये म्हणून ही सोय बुद्धभूषणनं केली. तो बिडकीनला नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी आमचा कोड लिहितो. वापरणाऱ्यांचं आणि लिहिणाऱ्यांचं वाजलं की मधे पडायचं काम माझ्याकडं.

लासूर स्टेशनच्या सरिताची तक्रार आली तेव्हा ती मला साधीच वाटली. ती पुढच्या खोलीत शिलाई करते. मशीन चालू असलं की आतलं ऐकू येत नाही, म्हणून ॲप घेतलेलं. एकदा सहज आत गेली तर लेक रडून रडून घामाघूम झालेली, आणि हिच्या फोनवर, 'जवळ कोणीतरी आहे'. घरात या दोघीच.

बुद्धभूषणनं खाली लिहिलं, 'ॲपला आवाज आला म्हणजे कुणीतरी बोललं असणार. घरात नीट विचारा.'

सरितानं लिहिलं, 'कुणाला विचारू? तुम्ही येऊन बसता का माझ्या लेकरापाशी?'

त्यानंतर दोघांचं इतकं वाढलं की मी दोघांना एकाच फोनवर घेतलं.

"ताई, फुकटचं वापरायचं आन वरून आरोप," बुद्धभूषण म्हणाला. "मी सोडतो हे सगळं."

"सोडा की," सरिता म्हणाली. "लेकरू गुदमरलं असतं तर तुमच्या कोडाला काय करायचं होतं मला?"



आमच्यात एक रीत आहे. निवाडा करायच्या आधी तक्रार आपल्या घरी जशीच्या तशी घडवून बघायची. म्हणून मी सरिताला विचारलं, अगदी सुरुवातीला काय काय केलं?

"ते विचारतं ना, बाळाजवळ आणखी कोण असतं? आमच्याकडं कुणीच नाय. पण काही भरल्याशिवाय पुढं जाऊ देईना. मग लिहिलं, 'कोणीतरी'."

एखाद्या घरात आणखी कोणी नसेल, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं.

"त्याच्यानंतर त्या माणसाचा आवाज ऐकवावा लागतो," मी म्हणाले. "तो कुणाचा ऐकवला?"

"कुणाचाच नाय. फोन लेकरापाशी ठेवला आन दार लोटून घेतलं. म्हणलं, काय ऐकायचं ते ऐक बाबा. परत आली तर लिहिलेलं, 'ओळख झाली'."

"पंख्याचा आवाज घेतला असंल," बुद्धभूषण हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सम्यक झोपल्यावर मी कूलर बंद केला. पंखाही बंद केला. ॲपमध्ये 'कोणीतरी' लिहिलं, फोन झोळीखाली ठेवला आणि दार लोटून बाहेर आले. हातातल्या फोनवर अक्षरं होती, 'ऐकत आहे'. शेजारी कुकरची शिट्टी झाली. मग तीही थांबली. खोलीतून काहीच आवाज नव्हता.

'ओळख झाली.'

थोड्या वेळानं सम्यक रडायला लागला. मला दाराबाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. फोन वाजला नाही.

'जवळ कोणीतरी आहे.'

मी दार ढकललं, आणि त्याच क्षणी तो थांबला. खोलीत कुणी नव्हतं. झोळी मंद हलत होती. रडताना पाय झाडले की हलतेच, मी स्वतःला सांगितलं आणि त्याला उचलून छातीशी धरलं. त्याचे गाल कोरडे होते.

सरिता खरं बोलतेय, असा निवाडा मी दिला. बुद्धभूषणनं नाव भरायची ती सक्ती काढली आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तिनंही मोठ्या मनानं लिहिलं, 'दादा, राहू द्या. काल दुपारपासून आमच्याकडं घंटी बरोबर वाजतीय.'

दुरुस्ती आजची होती. काल दुपारी फक्त मी करून पाहिलं होतं.

मग तिचा मला एकटीला निरोप आला. 'मेघाताई, तुम्ही बी दार लोटलं होतं का?'

मी लगेच ॲप काढून टाकलं, जुना फोन बंद करून नवऱ्याच्या, प्रणयच्या हाती त्याच्या ऑफिसला पाठवून दिला. आता मी मागच्या खोलीच्या दाराशीच बसते. हे लिहितेय तेही इथंच.

सम्यक आत्ता उठला. रडला, एकदाच. मी वही ठेवून कडीला हात लावला, तोवर गप्प झाला.

आतून त्याचा आवाज येतोय. तो हुंकार देतोय. थोडा थांबतो, परत देतो. गोष्ट ऐकताना मुलं देतात तसा.

माझा हात कडीवरच आहे. मधेच आत गेले तर तो रडेल, असं वाटतंय.