कापलेलं पान

चर्चच्या तळघरात रॅग्ना मूनने बाप्तिस्म्यांची जुनी नोंदवही टेबलावर आपटली. शिवणीजवळून एक पान ब्लेडने कापलेलं होतं.

“आयनार ब्रेक्केचं काम! सिद्ध करा, आणि त्याच्या आजोबाचं नाव पहिल्या वसाहतकऱ्यांच्या स्मारकावर येता कामा नये. शनिवारी कोरणारा उरलेली नावं कोरायला येतोय.”

सिग्ने लोकेनने वही उजेडाकडे वळवली. शाळेत रसायनशास्त्र शिकवणं सोडून फार्गो शहरात खाजगी तपास सुरू करून तिला अकरा वर्षं झाली होती. कापलेल्या जागेआधीचं पान १८९६च्या नाताळाला संपत होतं, नंतरचं १८९७च्या जुलैत सुरू होत होतं.

“आजोबावर एवढा राग का?”

“माझे आजोबा टॉर्केल आणि तो आस्लाक ब्रेक्के एकाच जहाजाने नॉर्वेहून अमेरिकेत आले. शेजारी शेजारी जमिनी घेतल्या. अठ्ठ्याऐंशीच्या हिमवादळात आजोबा गोठ्याकडे गेले ते परतलेच नाहीत. शोधायला गेला एकटा आस्लाक. प्रेत मिळालं नाही. वर्षभरात त्याने माझ्या आजीशी, गुरीशी, लग्न लावलं. जमीनही गिळली! पंच्याण्णव साली आई, दहा वर्षांची पोर, मिनेसोटाला मावशीकडे गेली. पुन्हा त्या घराशी बोलली नाही, पत्रसुद्धा नाही. आणि तो निर्लज्ज! मारलेल्या माणसाचं नाव पोटच्या पोराला ठेवतो!”

“त्यात कसला निर्लज्जपणा?” हॉलवर म्हणाला. हा गुरांचा निवृत्त डॉक्टर सिग्नेची गाडी चालवायचा. “आईचा पहिला नवरा हॉलवर. तो वारला, आईने दुसरं लग्न केलं, पहिला मुलगा झालो मी. मेलेल्या नवऱ्याचं नाव पहिल्या मुलाला द्यायची आपल्या नॉर्वेकरांत रीतच आहे. मला हाक मारताना बाबा आधी घसा खाकरायचे.”

“तुम्ही गप्प बसा!” रॅग्ना कडाडली.

आयनार ब्रेक्के आपल्या शेतावर मळणीयंत्राखालून बाहेर आला.

“वही? वडिलांची जन्मतारीख पाहून परत दिली. माझ्याआधी रॅग्नाच तासभर बसली होती.”

“वडिलांना भाऊ किती?”

“एकच. वडील पेडर नव्वदचे, निल्सकाका त्र्याण्णवचे.”

“टॉर्केल नावाचं कुणी?”

“आमच्यात? ऐकलं नाही बुवा. ती बाई माझ्या फाटकावरून जाताना थुंकते हो! आजी एकच आमची, तरी!”

दफनभूमीतही ब्रेक्केंच्या जागेत दोनच भावांचे दगड होते. उरलेला दिवस सिग्ने वही वाचत बसली.

शुक्रवारी दुपारी तिने रॅग्ना आणि आयनारला तळघरात बोलावलं.

“रॅग्नाबाई, आस्लाकच्या मुलाचं नाव टॉर्केल, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आईने.”

“वही मी ओळीन् ओळ वाचली. टॉर्केल ब्रेक्के कुठेच नाही. म्हणजे तो कापलेल्या पानावरच असणार, सत्त्याण्णवचा. तुमची आई दोन वर्षं आधीच गेली होती. आयनारलाही हे मूल माहीत नाही. ते पान वाचलेली व्यक्ती एकच.”

रॅग्नाने पर्स छातीशी धरली.

“पण तिने का कापावं?” हॉलवरने विचारलं. “नाव तर तिच्या आजोबांचंच.”

“तू पहिला मुलगा म्हणून हॉलवर झालास. गुरीचा या लग्नातला पहिला मुलगा पेडर, दुसरा निल्स. टॉर्केल तिसरा. दोनदा तिने रीत का टाळली? नवरा मेलेला नाही हे तिला ठाऊक होतं. बोलली असती तर लग्न गेलं असतं, जमीनही. त्र्याण्णवनंतर कधीतरी त्याच्या मरणाची खरी बातमी आली, मगच तिसऱ्याला ते नाव दिलं.”

“म्हणजे वादळात...”

“वादळात तो मेला नाही. बायको आणि तीन वर्षांची मुलगी टाकून निघून गेला. रॅग्नाबाई याच रीतीत वाढल्या. एक ओळ वाचून त्यांना सगळं कळलं, म्हणून पान कापून आळ आयनारवर घातला.”

रॅग्नाने पर्समधून घडी घातलेलं पान काढलं. टॉर्केल, दोन मार्च. समासात लिहिलं होतं: नऊ दिवस जगला.

“माझ्या बापाला भर बाजारात खुन्याचं पोर म्हणालीस तू!” आयनारचा आवाज फाटला. “हे पान मी पेपरात छापणार. तुझ्या नावासकट!”

“छाप.” रॅग्ना उठली. “आईने मरेपर्यंत चुकीच्या माणसाला शाप दिले. आस्लाकचं नाव राहू दे.”

“आणि टॉर्केलचं?” हॉलवरने हळूच विचारलं. “ते तर सगळ्यात वर कोरून झालंय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “छिन्नी मी आणते.”