विहिरीतलं पोवळं

अख्ख्या पुसदात समुद्राचं पाणी पाळणारा माणूस एकच, आणि तो नेमका कुंदाच्या नशिबी आला होता. निवृत्त झाल्यावर नंदकिशोर कित्येक महिने नुसता भिंतीकडे बघत बसायचा. मग कुठून तरी हे वेड शिरलं. दिवाणखान्यात काचेची टाकी आली, पार्सलनं मिठाच्या पिशव्या आल्या आणि माणूस पुन्हा शीळ घालू लागला. कुंदाला आणखी काय हवं होतं? हौसेला मोल नसतं म्हणतात.

टाकीत त्याचं सगळ्यात लाडकं एक जिवंत, हिरवं पोवळं होतं. श्रावण लागला आणि ते कडेनं कुरतडलेलं दिसू लागलं. शीळ बंद झाली, ताटात अन्न उरू लागलं. कुंदानं देवापुढं जास्तीचा दिवा लावला. तो भिंतीकडे बघणारा नवरा पुन्हा नको गं बाई!

नंदकिशोर भिंग घेऊन टाकीला चिकटून बसला. "दगडात किडा हाय वं."

"बारके किडे एवढे तं वळवळून राह्यले तळाशी! ते नाही का खात?"

"ते गरीब बिचारे. उष्टं खाऊन टाकी साफ ठेवतात. त्याहिले हात नाही लावाचा. हा येगळा. बोटाएवढा जाड, अंगभर काटे. टोचले तं खाजकुयली बरी."

त्यानं बाटलीत झिंग्याचा तुकडा घालून ती दगडाशी टेकवून ठेवली. सकाळी किडा आत होता. लांबच लांब, तांबूस. त्यानं तोंड वर केलं तेव्हा कुंदाला वाटलं, हा आपल्यालाच ओळखून ठेवतोय. किड्यांना डोळे असतात का, हे तिनं मुद्दामच विचारलं नाही.

"गोड्या पाण्यात टाकतो, मिनटात खतम."

"श्रावणात जीव मारता? माह्या घरात नाही जी!"

तिनं बाटली घेतली आणि निर्माल्य सोडावं तशी अंगणातल्या विहिरीत रिकामी केली. वर हातही जोडले.

नंदकिशोर पोट धरून हसला. "अवं, विहिरीचं पाणी गोडच हाय!"

"मंग ते देवाच्या हाती. आपल्या हातानं नाही."

पोवळं सावरलं, शीळ परत आली. एकदा कुंदानं विहिरीच्या पाण्यानं चूळ भरली आणि थुंकून टाकली. खारट! नंदकिशोरनं पाण्यातलं मीठ मोजून पाहिलं, आणि बघतच राहिला. टाकीला हवं अगदी तेवढंच खारं.

"जमिनीतला क्षार असल," तो म्हणाला. पण चेहरा असा फुलला होता की जणू लेकीचं लग्न ठरलंय. दुसऱ्या दिवशी बादलीत जांभळं पोवळं आलं. जिवंत, टपोरं. त्यानंतरचं बादलीत आलं नाही, ते विहिरीतल्या पायरीवर ठेवलेलं होतं.

"काहून जी, आपल्या विहिरीले पायरी कवा होती?"

"असल. पाणी उतरलं म्हणून दिसून राह्यली."

सासऱ्यांनी बांधलेली विहीर, काठापासून सरळ धोंड्यांची. कुंदा तीस वर्षं पाणी ओढत होती. पण नंदकिशोर पायरीवरून वर आला तेव्हा ओंजळीत पिवळंधमक पोवळं होतं आणि डोळे विशीतल्या पोरासारखे. तिनं पोवळ्यासाठी पातेलं पुढं केलं. सुखात माती कोण कालवणार?

मग रोज एक पोवळं. रोज एक पायरी खाली.

त्या दिवशी तिनं त्याच्या आवडीच्या, वरणात शिजवलेल्या चिकोल्या केल्या. दारातूनच हाक मारली, "अहो, जेवाले चला!"

"आलोच!" विहिरीतून उत्तर आलं.

ताटं वाढून झाली. चिकोल्यांवरचं तूप गोठलं.

ती काठाशी गेली.

धोंडे सरळ खाली गेले होते. एकही पायरी नव्हती. पाणी निवांत होतं.

"कुंदा, तू बी ये वं," खालून, खूप खालून तो म्हणाला. आवाजात नुसता आनंद होता. "लय मस्त हाय इथं."

"मले नाही जमत उतराले," ती कशीबशी म्हणाली. "गुडघे दुखतात माहे."

खाली पाणी डचमळलं.

मग तिच्या पावलाशी, काठाला लागूनच, ओला दगड दिसला. पायरी होती. इतकी बुटकी, की गुडघे दुखणाऱ्या बाईला सहज उतरता यावं.