उजव्या चाकातली झेंडूची पाकळी

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. चिखलात रुतलेल्या माणसाने जरा नम्र असावं. मी मात्र मदतीला थांबलेल्या स्कूटरवाल्यालाच म्हणाले, "बघताय काय? ढकला."

मखमलाबादच्या पुढे आमचा झेंडूचा मळा. पाटाचं पाणी झिरपून तिथला चढ कायम चिखलाचा. दोन हजार दोनच्या दसऱ्यानंतरचा शनिवार होता. जीपमध्ये फुलांचे क्रेट, आणि फोर-व्हीलचा लिव्हर ओढूनही पुढची चाकं ढिम्म.

त्याने ढकललं नाही. इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात आडवा होऊन गाडीखाली बघत राहिला. म्हणाला, पुढचा दांडा फिरतोय पण चाक फिरत नाही, म्हणजे दुखणं चाकापाशीच. मग नाण्याने उजव्या चाकाच्या मधला लाल रंग खरवडला, तर आत एक चकती. दोन्ही चाकांच्या चकत्या हाताने 'लॉक'वर फिरवल्या, तरच पुढची चाकं गाडी ओढतात. माझ्या वडिलांनी, आबांनी, दसऱ्याला हौसेने जीप रंगवताना चकत्यांवरची अक्षरंच बुजवली होती. डावी लॉक होती, उजवी मोकळी.

त्याने ती फिरवली आणि जीप चढली. नाव ज्ञानेश, अंबडच्या कारखान्यात गिअर जोडतो, सुट्टी शनिवारी. मी विचारलं नव्हतं, पण ऐकलं नीट. पुढच्या शनिवारी एकदा बघून जातो, म्हणाला. त्याच्या गालावर चिखल होता. मी सांगितलं नाही… चांगला दिसत होता.

पुढच्या शुक्रवारी माळा ओवून झाल्यावर मी उजवी चकती हळूच मोकळी केली. आबांना चकतीचं काही बोललेच नाही.

शनिवारी ज्ञानेश आला, दोन तास गाडीखाली पडून राहिला, मी चहा घेऊन उभी. संध्याकाळी गाडी नीट. असे चार शनिवार गेले.

पाचव्या शनिवारी सकाळीच आबा म्हणाले, "आठवडाभर चालती आन् शनिवारीच रुसती. मार्गशीर्षाची फुलं न्यायची, भरवसा नाय हिचा, विकून टाकतो. उद्या निफाडचा माणूस घेऊन जाईल."

त्याच जीपवर मी चालवायला शिकले होते. खरं सांगावं तर ज्ञानेशसमोर शोभा, न सांगावं तर जीपही जाणार आणि शनिवारही.

तो आला, गाडीखाली शिरला. मी चाकापाशी बसले.

"ऐका ना… ती चकती—मीच फिरवते. दर शुक्रवारी."

"माहीत आहे," खालून शांत आवाज आला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या शनिवारपासून. खाचेत झेंडूची पाकळी होती. मग दर वेळी असायची."

"मग दोन-दोन तास खाली काय करत होतात?"

"पडून होतो… इथून तुमची पावलं दिसतात."

मला राग आला, हसू आलं, आणि हा माणूस आपल्याला हवा आहे हे अगदी स्वच्छ कळलं. तसं मी त्याला सांगूनही टाकलं. तो उठायला गेला आणि त्याचं डोकं दाणकन गाडीला आपटलं.

आबांना मीच सांगितलं, खोडी माझी होती. ते जीपमध्ये बसले आणि दोन्ही चकत्या आधी मोकळ्या करायला लावल्या. चढावर मागची चाकं जागीच गरगर फिरली.

"आता लावा."

मी डावीकडे बसले, तो उजवीकडे. गाडीखालून आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसत होते. दोघांनी एकदमच चकत्या फिरवल्या. जीप सरसर वर गेली.

वर पोचल्यावर आबांनी मान बाहेर काढली. "निफाडवाल्याला नको म्हणून कळवतो. आन् तुम्ही पुढच्या शनिवारी या."

"पण गाडी तर आता नीट झाली, आबा," ज्ञानेश म्हणाला.

"म्हणून तर. गाडीचं काम नाय आता. आईवडिलांना घेऊन या."

जीप वळणापलीकडे गेली. ज्ञानेशच्या गालावर पुन्हा चिखल होता. या वेळी मी तो ओढणीने पुसला.