हेडलाइटमधली थुंकी

ही घटना खरी आहे. रचायचीच असती तर इतकी घाण कुणी रचली नसती.

गेल्या ऑगस्टमधली. जव्हारची. आणि रात्र नव्हती, दुपारचे तीन वाजले होते. पण शिरपामाळावरून धुकं असं उतरलं होतं, की मुकेश मेकॅनिकला स्वतःच्याच गॅरेजची पाटी दिसत नव्हती.

त्या धुक्यातून वांगणीचा गोमा मोटारसायकल ढकलत आला. जव्हारला मजुरीला आलेला. गाडी अठ्ठ्याहत्तर सालची, सहा व्होल्टची, त्याच्या बापाची. बाप जूनमध्ये गेला, गाडी राहिली.

"मुकेशदादा, हेडलाइट पेटवून दे. घरनं फोन आलाय, बायकोला, योगिताला, कळा चालू झाल्यात. ॲम्ब्युलन्स वावर गावाला थांबतेय, पुढं रस्ता वाहून गेलाय. वावरपर्यंत तिला मलाच आणाय लागंल. अन् समोरचं काय दिसत नाय."

मुकेशची स्वतःची गाडी पोत्यावर सुटी पडली होती. इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे. म्हणजे जायचं तर हीच.

बल्ब मागून काढून थेट बॅटरीला लावला. पेटला. स्विचपर्यंत करंट होता. अर्थिंगची वायर खरवडून नट आवळला. सगळं ठीक.

लाइट नाही.

मग त्याने हेडलाइटची काच काढली...

आत तपकिरी थुंकी होती. वाटीभर.

कोमट.

तंबाखूचा आणि चुन्याचा वास आला आणि मुकेशने मान फिरवली. गॅरेजात थुंकणाऱ्याचं तो पंक्चरसुद्धा काढत नसे.

"कोण थुंकलं रे यात?"

"काच तर बंद होती, दादा."

फडक्याने पुसलं. काच बसवली. लाइट झक्क पेटला. गोमा हसला.

आतून आवाज आला...

पच्च.

लाइट गेला. पुन्हा उघडलं. पुन्हा वाटीभर. या वेळी सुपारीचं खांडही होतं. चघळलेलं.

गोमाने ते खांड ओळखलं. "बा असाच पच्चकन थुंकायचा. आम्ही दोघं एकाच चंचीतला तंबाखू खायचो. तो गेला तसा मी सोडलाय. मेलेल्याच्या आवडीचं पोरगा वर्षभर तोंडाला लावत नाय, आमच्या घरात तसंच हाय."

"मग?"

"मग बा उपाशी ऱ्हायला." त्याने टूलबॉक्समधून चंची काढली. "तू लाव एक बार."

"मी? उलटी होऊन मरेन."

"तू नाय मरणार, दादा. तिचं सांगता येत नाय."

मुकेशने आतलं पुसून काच बसवली आणि डोळे मिटून बार लावला. लाइट पेटला.

थुंकला. विझला.

पुन्हा लावला. पेटला.

विज्ञान म्हणून त्याला हे मान्य नव्हतं. वायरिंग म्हणून बरोबर होतं. सर्किट त्याच्या तोंडातून पूर्ण होत होतं.

म्हणून वांगणीपर्यंत तो मागे बसून गेला. थुंकायचं नाही, म्हणजे गिळायचं. समोर कावीळ झालेल्या डोळ्यासारखा पिवळा उजेड.

परत येताना तिघं. गोमा, मध्ये योगिता, मागे मुकेश.

"तंबाखू कोण खातंय?" योगिता कण्हत ओरडली. "फेका तो! मला मळमळतंय!"

"दादा, थुंकू नको!" गोमा त्याहून मोठ्याने ओरडला. "दरी हाय!"

शेवटच्या उतारावर मुकेशच्या लक्षात आलं... बार तोंडात मोठा होतोय.

आणि चघळला जातोय.

त्याचा जबडा तर हलत नव्हता.

वावरला ॲम्ब्युलन्स उभी होती. नर्सने योगिताला आत घेतलं, दार लागलं. मुकेश गटाराकडे धावला आणि थुंकला.

टक्... टक्.

दगडावर काहीतरी वाजलं. अंधारून आलं होतं, गोमाने मोबाइलचा उजेड पाडला.

दोन दात. काळपट, मुळांसकट.

मुकेशने जिभेने स्वतःचे मोजले. सगळे जागेवर होते.

"बाचे दोनच उरले होते," गोमा म्हणाला आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढला.

रात्री जव्हारला मुलगी झाली. दोघी सुखरूप. गोमा बघायला बोलावतो, मुकेश जात नाही.

त्यानंतर त्याने तंबाखूला हात लावलेला नाही. पण रोज सकाळी चूळ टाकताना तो डोळे घट्ट मिटतो...

पाणी कोणत्या रंगाचं पडतं, ते त्याने अजून पाहिलेलं नाही.