लाल दिव्याची खोली

पांढरा दिवा ढणढणत होता आणि त्याखाली टेबलावर कुपी उघडी पडली होती. सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी दार उघडलं, तो प्रकार पाहिला आणि आत पाऊलही न टाकता सगळा मजला डोक्यावर घेतला.

कुपीत माणसाच्या डोळ्याच्या पडद्यातलं, उजेड टिपणारं प्रथिन होतं. पेशींकडून प्रयोगशाळेत बनवून घेतलेलं, वर्षभराची मेहनत. उजेड लागला की ते कामातून जातं, म्हणून त्या खोलीत फक्त मंद लाल दिवा.

"काल शेवटी ती मदतनीस मुलगीच होती आत," सर कडाडले. "आजच्या आज राजीनामा हवाय!"

सुरक्षा अधिकारी बाईंनी आत जाऊन कुपी पाहिली. आत पाण्यासारखं नितळ काहीतरी. बाईंच्या पायाला भिंगरी लागली. एका निरपराध मुलीचा बळी जातोय, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

मुलगी रडून रडून थकली होती.

"पांढरा दिवा तू लावलास?"

"नाही हो बाई! लाल विझवला, कुलूप लावलं. हा शिक्का बसला तर मला दारात तरी कोण उभं करेल?"

"ते प्रथिन दिसतं कसं?"

"गुलाबी. उजेड लागला की पिवळट पडतं. एकदा सांडलं होतं, तेव्हा पाहिलंय."

खोलीच्या किल्ल्या तीनच: एक सरांकडे, एक मुलीकडे आणि तिसरी नव्या सहकाऱ्याकडे. तो थर्मास पिशवीत घालून निघायच्या घाईत होता.

"कुठे?"

"दवाखान्यात. अर्धी रजा टाकलीय."

"प्रथिन कसं दिसायचं हो?"

"त्यात दिसायचंय काय? पाण्यासारखं. रोज हाताळतो की मी."

"खोलीबाहेर पाहिलंत कधी?"

"बाहेर कोण काढणार, बाई!"

बाईंनी त्याला हाताला धरून सरांच्या खोलीत आणलं. मुलीलाही बोलावलं.

"सर, कुपीतलं प्रथिन खराब झालेलं नाही. ते त्यात नाहीच. असतं तर पिवळट दिसलं असतं. कुणीतरी ते पळवलं आणि जागी साधं पाणी ठेवलं. दिवा मुद्दाम लावला, म्हणजे बोल हिच्यावर येईल आणि वाया गेलेली कुपी कुणी तपासणार नाही. पण हिला रंग ठाऊक आहे, तुम्हालाही. लाल उजेडात गुलाबी रंग कळतच नाही, पाणीच वाटतं. ज्यानं ते फक्त त्या उजेडात पाहिलं, तोच पाणी ठेवून निश्चिंत राहील."

"हा सगळा तर्क झाला," सहकारी हसला. "पुरावा कुठाय?"

बाईंनी त्याच्या पिशवीतून थर्मास काढला, खिडकीशी नेला आणि झाकणाला हात घातला.

"उघडू नका!" तो किंचाळला. "उजेड लागेल!"

 मग आपणच चोरी उघड केली हे त्याचं त्यालाच उमगलं आणि त्यानं बाकीचंही सांगून टाकलं. दुसऱ्या प्रयोगशाळेनं त्याला मोठ्या पदाची नोकरी कबूल केली होती, प्रथिन घेऊन येण्याच्या अटीवर.

सर खाली मान घालून मुलीकडे वळले. "पोरी, मी फार..."

मुलीनं बाईंच्या हातातून थर्मास घेतला आणि छातीशी धरला.

"आधी त्या खोलीतला पांढरा दिवा विझवा, सर," ती म्हणाली. "माफीचं नंतर बघू."