दोन खुर्च्या

निवडणुकीचा निकाल लागून तीन आठवडे झाले, तेव्हा फेसकाकांच्या ध्यानात आलं की दुकानातली खुर्ची सकाळपासून कोणी उबवलेली नाही.

फेसकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. दाढीला बसलेल्या माणसाच्या तोंडावर ते इतका फेस काढायचे की श्वास घ्यायला नाक तेवढं उरायचं, त्यावरून ते पडलेलं. दुकान शाळेच्या समोर, रस्त्याच्या अलीकडच्या अंगाला. एक खुर्ची, समोरासमोर दोन आरसे, भिंतीला बाक आणि त्या बाकावर केस कापायचे नसले तरी येऊन बसणारी माणसं. वरच्या दोन खोल्यांत काका, काकू आणि त्यांची मुलगी. जावई बोटीवर नोकरीला, निम्मं वर्ष समुद्रात. मुलीला सातवा लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि याआधी दोनदा हाता-तोंडाशी आलेलं निसटलं होतं, त्यामुळे काकू जिना धुतला की तो कोरडा होईपर्यंत वरच पहारा देत उभ्या राहायच्या.

निवडणूक मात्र झाली होती दणक्यात. शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं, त्याची धूळ आरशांवरून पुसायला काकांना तीन दिवस लागले. चौकाचौकात कमानी, रात्रंदिवस भोंगे, प्रत्येकाच्या डोक्यावर फुकटची टोपी. 'आता बदल!' असं एकाच्या पाटीवर, आणि 'बदल आताच!' असं दुसऱ्याच्या. निवडून आलेले साहेब हार घालून मिरवणुकीनं गेले आणि मागे राहिला तोच फुटका नळ, तोच दोन खड्ड्यांमधला रस्ता आणि दिवसा जळून रात्री विझणारा तोच खांबावरचा दिवा.

"मग काय, बदललं का काही?" शेजारचा शिंपी रोज दारातून विचारायचा.

"काडीचा फरक नाही," बाकावरून उत्तर यायचं.

काकांनी स्वतः मत दिलं नव्हतं. म्हणजे गेले होते, इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. शाळेच्या लिपिकानं यादीवरून बोट फिरवलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही वारलाय."

"कधी?"

"तारीख नाही. नुसता शिक्का आहे."

काकांनी मनगट पुढे केलं. "बघ रे, गार लागतोय का."

"गार-गरम आमच्याकडे नसतं, काका. यादी वरून येते."

काकांनी ही गोष्ट पंधरा दिवस गिऱ्हाइकांना सांगून पिकवली. मग शाळेतल्या पोरांखेरीज सांगायला गिऱ्हाईकच उरलं नाही.

आधी त्यांना वाटलं, बाजारात ते नवं गार हवेचं सलून निघालंय, तिकडे पळाले सगळे. एका दुपारी सहज गेल्यासारखं करून ते तिथं डोकावले. मालक फिरत्या खुर्चीत बसून स्वतःच गोल फिरत होता.

"तुमच्याकडे गेले वाटतं सगळे?" त्यानं विचारलं.

काका तसेच परतले. असे दोन महिने गेले.

हेडमास्तर तेवढे नेमाचे गिऱ्हाईक, पण मतदान करून ते मुलाकडे गेले होते, ते आता परतले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सकाळी आठला दाढी म्हणजे दाढी. काकांनी त्यांना फेस चोपडला, वस्तरा कानाखाली टेकवला आणि खाली ओढला. आता, वस्तऱ्याला आवाज असतो. कोवळ्या दाढीला तो कुजबुजतो, पिकलेल्या दाढीवर खरखरतो. चाळीस वर्षं काकांचे हात त्या आवाजावर चालत आले होते. त्या सकाळी आवाज आला नाही. पात्यावर निव्वळ फेस आला, पांढराशुभ्र, त्यात एक कण नाही.

"मास्तर, घरी केलीत का दाढी?"

"मी? तीस वर्षांत आरशात धड पाहिलं नाही मी."

काकांनी दुसरा गाल केला. तोही मुका.

संध्याकाळी केर काढताना त्यांनी सुपलीतले केस उजेडात धरले. सगळे बारीक, मऊ, शाळेतल्या पोरांचे. मोठ्या माणसाचे म्हणावे असे चिमूटभर होते, ते त्यांचे स्वतःचे, सकाळी आरशासमोर कानावरून कापलेले. काकांनी आठवून पाहिलं. पोरांना मत नसतं. ते स्वतः कागदोपत्री वारलेले. जावई परवाच दोन दिवसांसाठी येऊन गेला, त्याच्या दाढीनं काकांच्या वस्तऱ्याची धार मोडली होती, आणि मतदानाला तो बोटीवर होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याचा हात धरून दारात उजेडाला आणला. मतदानाची शाई नखाच्या मुळाशी जशीच्या तशी होती. तीन महिने होत आले होते, एव्हाना ती नखाबरोबर टोकाला सरकून कापली जायला हवी.

"नखं कधी कापलीस?"

"आठवत नाही बुवा. का, बोटं कापायचीत?"

"वाढलीच नाहीत, शिंपीबुवा. ज्यांनी ज्यांनी शाई लावून घेतली, त्यांचं काही वाढतच नाहीये."

शिंपी हसला. म्हणाला, "म्हणजे साहेबांनी शब्द पाळला नाही म्हणून आमच्या दाढ्यांनीही पाळला नाही!" पण हसता हसता त्याचं लक्ष पुन्हा नखाकडे गेलं. मग हळूच म्हणाला, "काका, ताईचा झगा दर महिन्याला सैल करून द्यायचा असं काकूंनी सांगितलंय ना. गेल्या तीन खेपा मी टेप लावतोय. माप तेच येतंय. म्हटलं, आपलीच टेप ताणली गेली असेल."

काकांनी त्याचा हात सोडला. त्यांच्या मुलीनं मत दिलं होतं. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, उन्हात रांगेत उभं राहून दिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, यंत्र फिरवलं, आधीचे कागद काढून पुढे ठेवले.

"बाळ उत्तम आहे. ठोके छान आहेत. सातवा चाललाय."

"बाई, तीन महिन्यांपूर्वीही सातवाच होता," काकू म्हणाल्या.

"तारीख धरण्यात चूक झाली असेल."

"कागदावर अक्षर तुमचंच आहे."

बाईंनी मान खाली घालून कागद पुन्हा वाचला. बाई केस रंगवतात हे काकांना ठाऊक होतं, आणि केस रंगवणाऱ्या बाईच्या भांगात तीन आठवड्यांत पांढरी रेघ उमटते हेही ठाऊक होतं. भांग मुळापर्यंत काळाभोर होता. बाईंनी उठून दार लावून घेतलं आणि विचारलं, "काका, लोक काय म्हणतात?"

"लोक म्हणतात, काही बदललं नाही."

घरी आल्यावर मुलगी खिडकीत बसली. संध्याकाळी सहाला बाळ एकदा लाथ मारी, उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली. रोज तीच जागा, तीच वेळ. पूर्वी ती हसून सांगायची. आता त्या वेळी ती कोणाशी बोलत नसे.

"बाबा, हे आत थांबून राहणार आहे का हो?" एकदा तिनं विचारलं.

"वेडी आहेस," काका म्हणाले, आणि वस्तरा परजायला खाली आले. परजण्यासारखं काही नव्हतं. तरी बराच वेळ परजत राहिले.

मग एक दिवस बातमी आली की साहेबांना वरची, मोठी खुर्ची मिळाली. इथली त्यांनी सोडली. लोकांनी शिव्या घातल्या. "एवढा धुरळा उडवला, एवढे भोंगे बडवले, आणि हा चालला वर!" बाकावर असा संताप निवडणुकीनंतर कधी झाला नव्हता.

त्यानंतरच्या सोमवारी काकांनी दुकान उघडलं तेव्हा बाहेर अकरा माणसं उभी होती. गाल खाजवत.

हेडमास्तर पहिले बसले. काकांनी वस्तरा टेकवला आणि ओढला. खर्रर्र. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर म्हणाले, "साबण झोंबला का?" "हो," काका म्हणाले, "तुमच्या तोंडावरचा मला झोंबला."

तिकडची खुर्ची रिकामी झाली आणि इकडची भरली. वर माप बोटभर वाढलं, मग दोन बोटं. काकूंच्या भांगात पांढरी रेघ आली आणि त्या कधी नव्हे त्या खूश झाल्या. आठवा सरला. नववा लागला. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली, सोमवारची.

आणि त्याच सुमाराला भिंतीवर नवी पत्रकं लागली. रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक. मतदान रविवारी, म्हणजे आदल्याच दिवशी.

"पोटनिवडणूक म्हणे!" शिंपी म्हणाला. "ही तर तुमच्याच घरची दिसते, काका."

काका हसले नाहीत. त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं. मत दिलं की वाढ थांबते. कोणाला दिलं याला महत्त्व नाही. आणि जो बसेल तो खुर्चीवरून उठेपर्यंत ती सुटत नाही. हा नवा उमेदवार तर साहेबांचाच मेव्हणा, पुरी मुदत बसेल. सोमवारपर्यंत पोरीच्या बोटाला शाई लागता कामा नये.

"मग न लागू दे की. इथं कोण चाललंय मत द्यायला?" शिंपी म्हणाला. "आमच्या घरात तर मीच सांगितलंय, त्या दिवशी शाळेकडे पाहिलं तरी तंगडं मोडीन."

सगळ्यांचं तेच होतं. पुन्हा हेलिकॉप्टर आलं, पुन्हा धूळ बसली, पण टोप्या कोणी घातल्या नाहीत. एवढं करून काय बदललं, असं म्हणून लोक पाठ फिरवत. काकांना पहिल्यांदाच लोकांच्या चिडण्याचा आधार वाटला.

तरी शनिवारी त्यांनी मुलीचं ओळखपत्र काढून वस्तऱ्यांच्या पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

रविवारी दुकान बंद होतं. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, खाली जायची वाट अडवून. समोर शाळेचं फाटक दिसत होतं. तासाला दोन माणसं आत जात. लिपिक मधूनच व्हरांड्यात येऊन जांभई देई आणि परत जाई.

बाराला मुलीला कळा सुरू झाल्या.

काकूंनी पिशवी भरली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, दहा-दहा मिनिटांवर आल्या की निघा. शिंप्यानं आपली गाडी दाराशी आणून लावली. एकला कळा वीस मिनिटांवर होत्या. तीनला बारा. मुलगी पलंगाची कड धरून ओरडत होती, आणि काकांना तो ओरडा जगातला सगळ्यात चांगला आवाज वाटत होता.

"आज येतंय हो," काकू म्हणाल्या. "तारखेच्या आधी येतंय."

चार वाजले.

मुलगी ओरडायची थांबली.

काकांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मुलीनं कड सोडली. कपाळावरचा घाम वाळला.

"दुखतंय का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"हलतंय का?"

मुलीनं बराच वेळ पोटावर हात ठेवला.

"सकाळपासून नुसतं धडपडत होतं," ती म्हणाली. "आता गप्प झालंय. काम झाल्यासारखं."

खालून कोणीतरी हाक मारली. लिपिक रस्त्याच्या पलीकडे, फाटकात उभा होता.

"काका! जरा येता का? रजिस्टर बाहेर आणता येत नाही मला."

काका उतरले. रस्ता ओलांडून ते शाळेत गेले.

वर्गात बाकं भिंतीला लावली होती. खडूचा वास होता. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र होतं, आणि खोलीत एकही मतदार नव्हता.

"ताई येऊन गेल्या का?" लिपिकानं विचारलं.

"ती पलंगावरून उठलेली नाही. मी पायरीवरून हललो नाही."

"मीही इथून हललो नाही, काका. चारला यंत्र वाजलं. आडोशामागे कोणी नव्हतं. मला वाटलं, बिघडलं असेल. म्हणून रजिस्टर पाहिलं."

त्यानं ते वळवून पुढे केलं.

"आणि ताई तर सही करतात ना?" तो म्हणाला.

मुलीच्या नावापुढच्या चौकटीत सही नव्हती. अंगठा होता.

काका वाकले. त्यांची नजर बारीक कामाची होती. ठसा मसुराच्या दाण्याएवढा होता, त्याहून मोठा नव्हता. त्यातली एकेक रेघ स्वच्छ उमटली होती, आणि शाई अजून ओली होती.